भाड्याचा गुडघा

शुक्रवारी दुपारी, घर जेवून सुस्तावलेलं असताना, धाकट्याने काटकसर केली.

वहिनी ज्या ऑनलाइन सॉफ्टवेअरमध्ये चित्रं हलती करायची, त्याचं भाडं दर महिन्याला कापलं जायचं. या महिन्याचं शनिवारी जाणार होतं. चित्रं तर सगळी तयार होती, सोमवारी फक्त ताब्यात द्यायची. मग एका दिवसासाठी अख्ख्या महिन्याचं भाडं कशाला, असा शहाण्या माणसाचा हिशोब त्याने केला. पडद्यावर ‘मोफत योजनेत या’ असं एक नम्र बटण होतं. खाली आश्वासन होतं की तुमचं सगळं काम सुरक्षित राहील. धाकट्याने बटण दाबलं आणि वहिनी शाबासकी देईल म्हणून वाट बघत बसला.

काम खरोखरच सुरक्षित राहिलं. इतकं सुरक्षित, की जिने ते केलं तिलाही बाहेर काढता येईना.

एका दवाखान्यातल्या फिजिओ मॅडमसाठी केलेले, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी करायचे चौदा व्यायाम होते ते. आता ते नुसते बघता येत होते, उतरवून घेता येत नव्हते. वर मोफत योजनेची खूण म्हणून प्रत्येक चित्रात कंपनीचा एक गोल शिक्का टुणटुण उड्या मारत होता, आणि तोही नेमका दुखऱ्या गुडघ्यावर. धाकटा घाईघाईने परत जुन्या योजनेकडे धावला, तर ती योजना आता कुणालाच मिळत नव्हती. जुन्या गिऱ्हाइकांपुरती चालू ठेवली होती, आणि जुनं गिऱ्हाईक आपल्या पायाने बाहेर पडलं होतं. आता वर्षाचं भाडं एकदम. ते चौदा चित्रांच्या मोबदल्याहूनही जास्त भरत होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ज्या वहिनीचं हे काम होतं, तिची ओळख इथेच करून दिलेली बरी, कारण पुढे ती बोलायला लागली की मध्ये जागा मिळत नाही.

वहिनी डिझायनर. नऊ वर्षं एका जाहिरात कंपनीत होती, आठ महिन्यांपूर्वी सोडली. मागच्या खोलीत दोन टेबलं मांडली. एक तिचं. दुसऱ्यावर धाकटा, म्हणजे तिचा दीर, वेबसाइटी बांधायचा. चित्र तिचं, कोड त्याचा. तिच्या टेबलावर अकरा वर्षांचा एक जाडजूड कॉम्प्युटर आहे. त्यात चित्र काढायचं एक सॉफ्टवेअर, पहिल्या पगारातून खोक्यात विकत घेतलेलं. एकदा पैसे दिले, विषय संपला. त्या कॉम्प्युटरला इंटरनेट जोडायला तिने सक्त मनाई केली होती. “इंटरनेट लागलं की तो अपडेट मागेल, आणि अपडेट झाला की भाडं मागेल,” असं तिचं म्हणणं.

सॉफ्टवेअरच्या किमतींवर तिची मतं ठाम होती, आणि ती ऐकायला घरात कुणालाही सवड नसली तरी तिचं अडत नसे. धाकट्याने एकदा सहज म्हटलं होतं, “वहिनी, एवढं जिवावर येतंय तर चोरीची कॉपी टाकून देतो ना. जग वापरतंय.”

“भाऊजी, तुमची वेबसाइट उद्या कुणी फुकट उचलली तर?”

“तर मी रडेन.”

“मग ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यालाही डोळे आहेत. पैसे द्यायला माझी ना नाही. दुकानातून कात्री घ्या, पूर्ण पैसे मोजा. पण पुढच्या महिन्यात कात्रीवाला दारात येऊन म्हणाला, की आधी कापलेलं कापडही माझ्याच कपाटात राहील, तर? घर भाड्याने घ्यावं माणसाने. हात भाड्याने घेऊ नयेत.”

हलत्या चित्रांवरही तिचं असंच. पान उघडलं की शाळा सुटल्यासारखी अक्षरं चारी बाजूंनी धावत येतात, त्या वेबसाइटी बघून ती खुर्ची मागे सरकवायची. “हललं म्हणजे जिवंत झालं असं नाही. वाऱ्याने पडदाही हलतो.” मग ही बाई भाड्याच्या सॉफ्टवेअरकडे गेलीच कशी? तर त्यात हालचाली तयार मिळत. एक बटण दाबलं की पाय वाकतो, दुसरं दाबलं की सरळ. चौदा व्यायाम, मुदत तीन आठवड्यांची. अडलेल्या माणसाला तत्त्वं परवडत नाहीत. तिने नाक मुरडत का होईना, भाडं भरलं होतं.

तर शुक्रवारी चार वाजता वहिनी खोलीत आली. धाकट्याने सगळं एका दमात सांगून टाकलं, शिक्क्यासकट. ती पडद्याकडे बघत राहिली. गुडघा वाकत होता, शिक्का उड्या मारत होता.

“ओरडा ना,” धाकटा म्हणाला. “तुम्ही गप्प बसलात की जास्त भीती वाटते.”

“ओरडून फाइल उतरते का?”

“वर्षाचं भाडं मी भरतो. माझ्या चुकीचं.”

“कशातून? तुमच्या बुटाला भोक पडलंय ते आधी बुजवा.” मग ती टेबलाला टेकून उभी राहिली. “हे माझं पहिलं काम आहे भाऊजी. माझ्या नावावरचं. नऊ वर्षं मी काढलेल्या चित्राखाली कंपनीचं नाव यायचं. सोमवारी अकरा पेशंट घरी जाणार आहेत, त्यांच्या फोनवर फिजिओ मॅडम हे पान उघडून देणार. आणि त्यांच्या शेजारचे खांद्याचे डॉक्टर बघतायत, जमलं तर त्यांचंही काम द्यायचं म्हणून. आपलं चुकलं तर ते मोठ्या एजन्सीकडे जाणार, आणि मी परत नोकरीला.”

हे ती साध्या आवाजात म्हणाली. धाकट्याला वाटलं, ओरडली असती तर स्वस्तात सुटलो असतो.

शनिवारी सकाळी वहिनीने फिजिओ मॅडमना फोन लावला. धाकटा दाराआड उभा होता. आता आपलं नाव निघणार, म्हणून त्याने मानसिक तयारीही केली होती.

“मॅडम, आमच्याकडून एक चूक झाली,” वहिनी म्हणाली. “चौदा चित्रं सोमवारी जमणार नाहीत. नव्याने करतेय. किती लागतील सांगा, तेवढी आधी देते.”

‘आमच्याकडून’. धाकट्याने तो शब्द ऐकला आणि दाराआडून निमूट आपल्या खुर्चीवर येऊन बसला.

पलीकडून मॅडम बराच वेळ बोलल्या. वहिनी ‘हो, हो’ म्हणत लिहून घेत होती. फोन ठेवून म्हणाली, “पहिल्या आठवड्यात सहाच व्यायाम लागतात. सहा चालतील म्हणाल्या. पण सहाही धड नसतील तर कागदावर छापून देईन, म्हणाल्या. आणि एक सांगितलं, ते आधी बोलल्या नव्हत्या. पहिला नमुना त्यांनी दोन पेशंटना दाखवला होता. दोघंही चित्राच्या मागे धावायला लागले. चित्रातला पाय सटकन वर जातो, म्हणून हेही सटकन. एकाचा गुडघा सुजला.”

“म्हणजे आपलं आधीचं तसंही…”

“तसंही चुकलेलंच होतं. तुम्ही बटण दाबलंत म्हणून कळलं तरी.” ती हसली. “एवढ्यावर फुशारू नका.”

वहिनीने जुना कॉम्प्युटर उघडला. मांडी, नडगी, पाऊल. तीन तुकडे वेगळे काढले, साध्या रेषेत. पेन ड्राइव्हवर घालून दिराच्या टेबलावर ठेवले.

“आता नडगी गुडघ्याभोवती फिरवायची. सॉफ्टवेअर नको. तुमच्या कोडमध्ये येतं ना?”

“वहिनी, पंधरा ओळींचं काम आहे. ब्राउझर आपोआप करतो.”

“मग महिनाभर मी भाडं भरत होते तेव्हा तोंड शिवलं होतं का?”

“तुम्ही विचारलंच नाहीत!”

“तुम्ही तर बटण दाबतानाही विचारलं नाहीत.”

धाकट्याने मुकाट्याने पंधरा ओळी लिहिल्या. पाय हलला, पण दाराला स्प्रिंग लावल्यासारखा: झपकन वर, झपकन खाली. त्याने वेग कमी केला, तर यंत्रासारखा एका चालीने जायला लागला. वहिनी मान हलवत होती. खरा गुडघा कसा वाकतो, हे दोघांनाही नेमकं ठाऊक नव्हतं. दोघांचेही गुडघे धडधाकट होते, ही अडचण.

आणि शेजारच्या खोलीत तीन महिन्यांपूर्वी शस्त्रक्रिया झालेला एक अस्सल गुडघा पलंगावर पडून पेपर वाचत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

बाबा म्हणजे धाकट्याचे वडील, वहिनीचे सासरे. निवृत्त हेडमास्तर. उभ्या आयुष्यात मुलांना कवायत करायला लावली, पण स्वतःच्या व्यायामाची वेळ झाली की त्यांना नेमकी झोप यायची.

“बाबा, पाय जरा वाकवून दाखवता का? घड्याळ लावून मोजायचं आहे,” वहिनी म्हणाली.

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. “सूनबाई, हे काम आहे की मला व्यायाम करायला लावायचा कट?”

“काम आहे. देवाशपथ.”

“काम असेल तर मोबदला असतो.”

“बाबा!” धाकटा ओरडला.

“तू गप्प बस. तुझ्यामुळेच हे चाललंय, भिंतीतून सगळं ऐकू येतं मला. माझा दर सांगतो. बुद्धिबळाचे तीन डाव, तुझ्याबरोबर. पूर्ण. मध्ये ‘बाबा, एक फोन आला’ चालणार नाही.”

धाकट्याने छताकडे पाहिलं. बाबा एका चालीला पाऊण तास घेतात, हे घरात सर्वश्रुत होतं. थोरला भाऊ गोदामातल्या नोकरीत जास्तीच्या पाळ्या मागून घेतो, ते याचसाठी, असा धाकट्याचा जुना संशय होता. पण वहिनी त्याच्याकडेच बघत होती.

“मंजूर,” तो म्हणाला.

बाबा पलंगाच्या कडेवर बसले. वहिनी वही घेऊन समोर जमिनीवर, धाकटा फोनवरचं घड्याळ लावून बाजूला. पाय हळूहळू वर यायला लागला. अर्ध्यावर थांबला. बाबांचा जबडा आवळला गेला. मग एक श्वास, आणि उरलेला पाय वर. वर थोडा थरथरला. खाली येताना मात्र वर जाण्याहून सावकाश, जणू पाणी भरलेलं भांडं ठेवतायत.

“अर्ध्यावर का थांबता?” वहिनीने विचारलं.

“तिथे आत एक ‘नाही’ म्हणणारा बसलाय. त्याला जरा समजवावं लागतं.”

वहिनीने ते जसंच्या तसं वहीत लिहिलं. शनिवारभर आणि रविवारी दुपारपर्यंत बाबांनी सहाही व्यायाम मोजून दिले. तीन महिन्यांत केले नव्हते तेवढे दीड दिवसात झाले. सुंठीवाचून खोकला गेला, पण हे त्यांच्यासमोर बोलायची कुणाची छाती झाली नाही. वहिनी आकडे सांगायची, धाकटा कोडमध्ये घालायचा. चार सेकंद वर, मध्ये एक थांबा, वर धरून तीन, खाली सहा. अर्ध्यावरच्या थांब्याला बाजूला एक छोटा गोल हळूच फुगायचा आणि मिटायचा. श्वासासाठी. एवढी एकच नटवानटवी वहिनीने चालवून घेतली. धाकट्याने उत्साहाच्या भरात पाऊल वर गेलं की एक चांदणी चमकवली होती.

“ही कोण?”

“बक्षीस. पेशंटला बरं वाटेल.”

“काढा.”

चांदणी गेली.

सोमवारी दोघं दवाखान्यात गेले. फिजिओ मॅडमच्या खोलीत एक काठीवाले गृहस्थ बसले होते, त्यादिवशी घरी जाणारे पहिले पेशंट. मॅडमनी मुद्दाम त्यांचाच फोन मागितला. काच तडकलेली, नेटची एकच दांडी. मॅडमनी पत्ता टाकला आणि पान चटकन उघडलं, कारण त्यात जड असं काही नव्हतंच. तीन तुकडे, थोडे आकडे.

गृहस्थ पायाकडे बघत राहिले. पाय अर्ध्यावर थांबला.

“अडकला वाटतं,” मॅडम म्हणाल्या.

“नाही, नाही,” गृहस्थ म्हणाले. “तिथे माझाही असाच कुरकुरतो. थांबा, बघू दे.” त्यांनी काठी भिंतीला टेकवली, खुर्चीच्या कडेला सरकले आणि चित्राबरोबर आपला पाय उचलला. अर्ध्यावर दोघंही थांबले. गोल फुगला, गोल मिटला. मग दोघंही वर गेले आणि सावकाश खाली आले. घाई कुणालाच नव्हती.

मॅडमनी तीन वेळा ते करून घेतलं. पाचव्या व्यायामात टाच अजून थोडी खाली हवी, एवढंच म्हणाल्या. मग वहिनीकडे वळल्या. “आधीच्यापेक्षा हे फारच वेगळं आहे. कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये केलंत?”

“सासऱ्यांच्या गुडघ्यात,” वहिनी म्हणाली.

उरलेले आठ व्यायाम पुढच्या पंधरवड्यात झाले. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत वहिनीचं नाव आहे. ते न हलणारं आहे, तरी ती अधूनमधून पान उघडून तेवढंच बघते, हे धाकट्याला माहीत आहे. तो बघितल्याचं दाखवत नाही. भाड्याचं सॉफ्टवेअर तिने बंद केलं नाही, कारण ते आता मोफतच आहे. कुणी नवखा डिझायनर सल्ला विचारायला आला की ती त्याला शिक्का मारलेला गुडघा दाखवते आणि म्हणते, “पैसे जरूर द्या. पण बाहेर कसं पडायचं ते आत शिरण्याआधी वाचा.”

गेल्या आठवड्यात खांद्याच्या डॉक्टरांचं काम आलं. वहिनी आनंदाने सांगायला गेली, तर बाबांनी खांदा चोळत पेपर बाजूला ठेवला.

“खांद्याचे दर वेगळे. आणि आता सुटे डाव नाहीत, मासिक योजना. महिन्याला चार.”

“बाबा, एकरकमी काय घ्याल?” वहिनीने विचारलं. “मी एकदाच देणारी बाई आहे.”

“त्याला विचार. आधीची थकबाकी त्याची आहे.”

धाकट्याने दोन डाव खेळले आहेत, दोन्ही हरला आहे. तिसऱ्यासाठी बाबांनी खिडकीजवळच्या स्टुलावर पट मांडून ठेवलाय आणि पांढरं प्यादं दोन घरं पुढे सरकवलंय. त्याला आज नववा दिवस. वहिनी झाडताना स्टूल न हलवता भोवतीने झाडते. आणि धाकटा, त्या खोलीतून जायचं झालंच, तर फोन कानाला लावून जातो.