ललिताबाईचा लाल ठिपका

आसेगावच्या ललिताबाईचा विश्वास फक्त स्वतःच्या डोळ्यांवर. पिठाच्या गिरणीत डबा ठेवून ती कधी घरी गेली नाही. आपलेच गहू दळले जातात का, हे उभं राहून बघणार. गिरणीवाला बिचारा वैतागून गेला, पण बाई हलली नाही.

तिचं पोट लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरून देण्याच्या केंद्रावर. पीक विम्याची मुदत आठ दिवसांवर आली आणि तिचा लॅपटॉप रांगू लागला. लोक कंटाळून दुसऱ्या केंद्रावर जायला लागले. तेव्हा ती मंगरूळपीरला धम्मरत्नच्या दुकानात गेली. “प्रोसेसर नवा टाकून दे,” म्हणाली.

त्यानं लॅपटॉप उघडून दाखवला. “ताई, जुन्या काही लॅपटॉपचा निंगते. याचा बोर्डालेच डाखलेला हाय, बदलता येत नाही. रॅम वाढवू, एसएसडी टाकू. तेवढ्यानं काम भागते.”

हा नक्की नको ते सामान गळ्यात मारणार, असं तिला वाटलं. शिवाय उघडलेल्या लॅपटॉपमधलं काही बदललं तर? तिनं पर्समधून नेलपॉलिशची शिशी काढली आणि त्याच्यादेखत प्रोसेसरच्या कडेला लाल ठिपका दिला. धम्मरत्नचा चेहरा पडला. त्यानं लॅपटॉप जोडून परत दिला.

स्टँडजवळचा दुकानदार मात्र लगेच म्हणाला, “होते ना. दोन घंट्यानं या.”

“मी इथंच बसते.”

पण काम पडद्याआड. ललिताबाई पडद्यावर नजर रोखून बसून राहिली. दोन तासांनी तो हसत बाहेर आला. “घ्या, नवा प्रोसेसर.”

“उघडून दाखव.”

“वॉरंटी जाईन, ताई.”

“जाऊ दे.”

तो टाळाटाळ करत राहिला, ती काउंटर सोडेना. शेवटी त्यानं उघडला. लाल ठिपका जागच्या जागी होता. पठ्ठ्यानं नुसती धूळ झटकली होती. “हा रंग माहा हाय,” एवढंच बोलून तिनं एक पैसा न देता लॅपटॉप उचलला.

धम्मरत्नच्या दुकानाची पायरी चढताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्याकडे न बघता तिनं लॅपटॉप ठेवला. “तू म्हणला ते टाक.”

“घंटाभर लागन,” तो शांतपणे म्हणाला. “आधी सगळ्याले ठिपके लावून घ्या, ताई.”

“शिशी घरीच राह्यली,” ललिताबाई म्हणाली, आणि चहा प्यायला बाहेर निघून गेली.

शिशी तिच्या पर्समध्येच होती.