हॅलोरावांची अटक

आमच्या शेजारच्या गृहस्थांना सगळा जिना हॅलोराव म्हणतो. नाव मीच दिलं. लोकांना नावं ठेवण्यात माझा हात धरणारा इथे कुणी नाही.

एका मोठ्या कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी एकतीस वर्षं काढली. कानाला हेडफोन, समोर लुकलुकणारे दिवे आणि तोंडात "जोडतो, साहेब." तिथली शिस्त अंगात इतकी मुरलेली, की समोरच्याने ठेवल्याशिवाय हा माणूस फोन ठेवत नाही. चुकून लागलेल्या नंबरलाही "ठेवा आपण, ठेवा" म्हणत ताटकळतो. मी कितीदा तरी त्यांना फोन लावून, आवाज बदलून पाणीखात्याचा अधिकारी झालोय. दोन वाक्यांत पकडायचे मला. "शेजारी, पुरे. घसा बसेल."

मंगळवारी अकराच्या सुमारास त्यांची बायको, आमच्या वहिनी, माझ्या दारात. गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे बारा पावलं चालूनही धाप लागलेली.

"भाऊजी, हे कालपासून आतल्या खोलीत कडी लावून बसलेत. ताट दाराबाहेर ठेवायला सांगतात. सारखं 'हो साहेब, हो साहेब' चाललंय."

"कारखान्याला अजून करमत नाही वाटतं यांच्याशिवाय!" मी दात काढले.

"कपाटातलं बँकेचं पुस्तक गेलंय."

माझे दात आत गेले. त्या पुस्तकात जे होतं ते वहिनींच्या दोन गुडघ्यांसाठी होतं. ऑपरेशन पुढच्याच महिन्यात.

मी दार बडवलं. बऱ्याच वेळाने फट पडली. दाढीचे खुंट, तारवटलेले डोळे, सदऱ्याच्या खिशात चालू फोन. हॅलोरावांनी ओठांवर बोट ठेवलं आणि एक चिठ्ठी पुढे केली. अक्षर नेहमीसारखंच सुरेख: 'मला अटक झाली आहे. बोलू नये.'

"अटक? बेड्या कुठायत?"

दुसरी चिठ्ठी: 'फोनवर झाली आहे.'

चिठ्ठ्या वाचत वाचत सगळं कळलं. यांच्या नावाचं कसलंसं बेकायदा पार्सल पोलिसांना सापडलं म्हणे. चौकशी संपेपर्यंत फोन बंद करायचा नाही, खोली सोडायची नाही, बायकोलाही सांगायचं नाही. आणि आज चारच्या आत, बँक बंद व्हायच्या आधी, सगळे पैसे 'तपासणीसाठी' एका खात्यात पाठवायचे. निर्दोष ठरलात की परत.

"हॅलोराव, भामटा आहे हो हा!" मी ओरडलोच.

खिसा शांतपणे बोलला, "ऐकलंत? शेजारी हेच म्हणणार, असं मी कालच सांगितलं होतं. हे लोकही सामील असतात."

हॅलोरावांनी माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं खोटे आवाज काढून त्यांना छळणारा तो मीच. आता कुठल्या तोंडाने सांगणार, की आज मी खरं बोलतोय?

"माझा आवाज ओळखता, मग याचा नाही ओळखत?"

त्यांनी विचार करून लिहिलं: 'ओळखला. साहेबांचाच आहे.'

एका अर्थी चूक नव्हती. दरडावायचं कधी, गप्प बसून घाम फोडायचा कधी आणि मधेच "जेवलात का?" विचारायचं कधी, हे त्या लबाडाला चोख जमत होतं. एकतीस वर्षं याच आवाजापुढे त्यांची मान झुकलेली.

मी सरळ झडप घातली, फोन काढला आणि बंद केला. "घ्या! सुटलात!"

हॅलोरावांचा चेहरा पांढराफटक. त्यांनी फोन ओढून घेतला आणि स्वतःच परत लावला. "माफ करा साहेब, लाइन तुटली. मी नाही हो तोडली."

मी घरी येऊन चौकीला फोन केला. "त्यांनाच घेऊन या, तक्रार त्यांची लागेल." कसा आणू? ते स्वतःला पोलिसांच्याच ताब्यात समजत होते. बँक म्हणाली, "खातेदार समोर आला तर आम्ही समजावू. अडवू कसे?"

सव्वातीनला मी परत त्यांच्याकडे पोचतो तोच हॅलोराव बूट घालून खोलीबाहेर आले. एक हात खिशातल्या फोनवर, दुसऱ्यात पुस्तक. तोवर वहिनींनी स्वयंपाकघरातली खुर्ची फरफटत आणून बाहेरच्या दारात आडवी लावली होती आणि त्या तिच्यावर बसल्या होत्या.

"बाजूला हो," ते म्हणाले. दोन दिवसांत बायकोच्या समोर येऊन बोललेले पहिले शब्द.

"सकाळी पलंगाचा कठडा धरून कशीबशी उठले, पण खुर्चीतून मला आपलं आपण उठता येतं का? दोन्ही हातांनी उठवावं लागतं. उठवा."

"काय अडचण आहे?" खिसा गुरकावला.

"साहेब, पत्नी आहे."

"ओढून बाजूला करा!"

हॅलोरावांनी एका हाताकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. फोनही सुटेना, पुस्तकही सुटेना. रोज सकाळी ज्या बाईला ते दोन्ही हातांनी अलगद उभं करतात, ती समोर बसून त्यांच्याकडे बघत होती. खिशातून आधी धमक्या आल्या, मग शिव्या, त्याही वहिनींना. हॅलोरावांच्या कानशिलावरची शीर उडू लागली, पण तोंडातून "हो साहेब" शिवाय काही निघेना.

चार वाजून गेले. आवाजातून एकदम मध ठिबकू लागला. "असू दे. उद्या दहाला जाऊ. फोन चालू ठेवा हं."

"हो साहेब." ते आत वळले. कडी लागली.

मी वहिनींना उठवायला हात पुढे केले. त्यांनी मान हलवली.

"उद्या बँकेला सुट्टी आहे का हो, भाऊजी?"

"नाही, वहिनी."

"मग पाठीला उशी तेवढी आणून द्या."