सुतक कोणाचं

वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात वाफेचा पाइप फुटला आणि माझा उजवा हात खांद्यापर्यंत भाजला. हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आधी त्वचापेढीतली त्वचा लावू. जखम सावरली की ती काढून तुमच्याच मांडीची कायमची बसवू." पेढीतली म्हणजे कुणाच्या तरी मृत्यूनंतर दान केलेली. मी म्हटलं, लावा. ती लावली आणि हाताची आग निवली. कोणाची, ते सांगत नाहीत.

मांडीची त्वचा बसवून झाल्यावर कोपरीला घरी आले तेव्हा गौरी तोंडावर आल्या होत्या. लग्न झाल्यापासून आमच्या घरची गौर मीच नेसवते. माझ्यासारख्या निऱ्या घरात कुणालाच जमत नाहीत, उगाच नम्रपणा कशाला? पण नवऱ्याच्या काकी, घरातल्या सगळ्यांत मोठ्या, म्हणाल्या, "अगं, मेलेल्या माणसाचं कातडं होतं तुझ्या अंगावर. सुतकातली बाई गौरीला हात लावते का? यंदा लांबच बस."

नवरा मोबाइलमध्ये डोकं घालून बसला. माझं डोकं फिरलं. कुठल्याशा घरात रडता रडता कुणीतरी हो म्हटलं, म्हणून हा हात शिल्लक होता, आणि इथे त्याचाच विटाळ.

"काकी, सुतक कोणाचं पाळतात?"

"कोणाचं म्हणजे? आपल्या माणसाचं."

"मग तो माझा माणूस झाला. आणि त्याला जाऊन दहा दिवस कधीच उलटले. सुतक फिटलं. गौर मीच नेसवणार."

"जीभ फार चालते तुझी," काकी म्हणाल्या.

कोपर वाकत नव्हतं. निऱ्या पुनःपुन्हा सुटल्या. जावेला मी जवळ येऊ दिलं नाही. घामाघूम झाले, पण गौर नेसवली, आणि दरवर्षीसारखीच नेसवली.

मग पितृपक्ष आला. सर्वपित्रीला घरातल्या गेलेल्यांची पानं वाढून झाल्यावर मी आणखी एक पान मांडलं. काकी बघत होत्या.

"हे कोणाचं गं?"

"माझ्या माणसाचं."

त्या वाकून पानात बघू लागल्या. मग म्हणाल्या, "त्याच्या आवडीचं काय वाढलंस?"

"ते कुठे माहितीये? माझ्या आवडीचं वाढलंय," मी म्हटलं, आणि भाजल्या हातानं पान उचलून गच्चीवर गेले.