राळेतलं चिलट

माझा भाऊ सुरतेकडच्या कोळशाच्या खाणीत नोकरीला आहे. कोळशात सापडणारे राळेचे पिवळे खडे तो घरी आणतो आणि वहिनी रोज दिवेलागणीला त्यातला एक धूप म्हणून निखाऱ्यावर टाकते. परवा मी एक खडा सहज खिडकीशी धरला. आत एक चिलट होतं, पाय पोटाशी घेतलेलं.

"आत्या, कोट्यवधी वर्षांपूर्वीचं आहे हे," भूगर्भशास्त्र शिकणारी भाची म्हणाली. "तेव्हा, आशियाला जोडली जाण्याआधी, आपली भारतभूमी समुद्रात अगदी एकटी होती, असं मानायचे. पण असल्या चिलटांचे भाऊबंद युरोपातल्या राळेतही सापडलेत. म्हणजे येणं-जाणं होतं."

मला उगाचच बरं वाटलं. फुंकरीनं उडेल असला जीव, आणि एवढं पाणी ओलांडलं! आपण ज्याला एकटं समजतो, त्याच्याकडेही कुणी ना कुणी येऊन गेलेलं असतं.

वहिनीचा चेहरा मात्र उतरला. "इतक्या लांबचे पाहुणे," ती म्हणाली, "आणि मी किती जाळले असतील गं!"

धूप तिनं सोडलेला नाही. पण आता प्रत्येक खडा ती आधी उजेडात धरते आणि हळूच विचारते, "आत कुणी आहे का?"