ड्रममधला फेस

आमच्या घरी चहाला चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "तो बेडकाचा किस्सा सांग ना!" कुठला? एक सांगायला घ्यावा, तर मागचे तीन आधी सांगावे लागतात.

चौऱ्याऐंशी साली आम्ही मुलुंडला तळमजल्यावर राहायला आलो. मागे झाडी, तिच्यामागे डोंगर. माझी मीनू सहा महिन्यांची, ऑफिसची रजा संपलेली. मीनूला सांभाळायला सासूबाई परळहून, थोरल्या दिरांकडून आल्या. त्या टिकल्या तर माझी नोकरी टिकणार, हे उघड होतं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाथरूममधला टॉवेल ओढला आणि त्यातला झाडबेडूक थेट त्यांच्या खांद्यावर! किंकाळी तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली.

"परळाक चाळीत संडास सगळ्यांचो एकच, पण थय माणसांच जायत! आणखी एक दिसलो, तर मी चाललंय!"

०

मग माझा नवरा, सुधीर, रोज सकाळी आईंच्या आधी बाथरूम तपासायला लागला. बेडूक सापडला की बिस्किटांच्या डब्यात घालून डोंगराच्या पायथ्याशी सोडून यायचा. दुसऱ्या दिवशी बेडूक त्याच नळावर हजर! "हा वेगळा आहे," सुधीर शपथेवर सांगायचा.

समोरचे शहाकाका म्हणाले, "अरे, तू रोज फिरायला नेतो ना, म्हणून येतो तो!"

०

रविवारी टीव्हीवरचा सिनेमा बघायला अर्धी बिल्डिंग आमच्याकडे असायची. एकदा ऐन रडारडीत बेडूक उडाला आणि स्क्रीनवर हिरॉइनच्या गालाला चिकटला. आई आत भाकऱ्या थापत होत्या, म्हणून कुणी ओरडेना. वरच्या मजल्यावरच्या पेडणेकरबाई तेवढ्या कुजबुजल्या, "सुधीर, सरकव ना रे त्याला. ती रडतेय की हसतेय, काही कळत नाही!"

०

श्रावणात मागच्या गॅलरीत, झाडांच्या पाण्याच्या ड्रमला आतून पांढरा घट्ट फेस दिसला. आईंनी सुधीरला फैलावर घेतलं. "दाढी करूक दुसरी जागा गावली नाय तुका?"

"आई, माझ्या तोंडाकडे बघ! महिनाभर दाढी वाढवतोय मी!"

पेडणेकरबाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. त्यांनी येऊन पाहिलं. "अहो, ही तर बेडकाची अंडी!"

आईंनी सरळ पिशवी भरायला घेतली. "थोरल्याक बोलवा."

०

दीर रविवारी येणार होते. मधले चार दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला आणि खरं सांगते, लिहिताना रडले. इकडे सुधीरने जाहीर केलं होतं की आई गेल्या की पहिला तो ड्रम पालथा घालणार.

रविवारी दिरांनी पिशवी उचलली. आई चपला घालून, जाता जाता ड्रममध्ये डोकावल्या. फेस विरघळला होता. पाण्यात काळी, शेपटीवाली पिल्लं वळवळत होती. पाच मिनिटं झाली तरी आई हलेनात.

"अगं आई, टॅक्सी उभी आहे!" दीर म्हणाले.

"जाऊ दे तिका. मी येऊचंय नाय."

"आता काय झालं?"

"मी गेलंय काय, हे ड्रम ओततले. अजून पाय फुटूक नाय त्यांका. जातली खय?"