म्हातारीच्या अंगावरची धूळ

धूळताई बावीस वर्षं एकाच खोलीत बसून धूळ मोजत होती. घरातली नव्हे, शेजारच्या दीर्घिकांमधली. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची अख्खी वस्ती. तिथली धूळ ताऱ्यांचा उजेड गिळते आणि मंद तापते. ती ऊब दुर्बिणीनं टिपायची, तिच्यावरून धूळ किती ते काढायचं. तरण्या दीर्घिकेत धूळ थोडी, तारे मरतील तशी वाढते, म्हातारपणी झडून जाते. दातांवरून बैलाचं वय सांगावं, तसं हे काम.

एक म्हातारी मात्र या चालीत बसेना. तिच्या यादीतली एक्केचाळिसावी. नवे तारे जन्मायचे कधीच थांबलेले, आणि अंगभर धूळ. ताईनं ते शास्त्राच्या मासिकात छापलं. उभ्या जन्मात तिच्या नावावर लागलेली तेवढी एकच गोष्ट. बाकी नाव हजेरीपटावर.

परवा समोरच्या टेबलावरच्या नकाशेवाल्याकडं आपल्याच आकाशगंगेतल्या वायूचा नवा, बारीक नकाशा आला. वायू तिथं धूळ असतेच. ताईनं सहज आपली म्हातारी त्यावर ठेवून बघितली. धुळीचा पट्टा आणि वायूचा पट्टा, वळणाला वळण जुळलं. म्हणजे धूळ म्हातारीची नव्हतीच. आपल्याच अंगणातली, मधे आडवी आलेली. ती आधी वजा करायची असते. ताईनं केलीही होती, पण जुन्या ढोबळ नकाशावरून.

"जुना आकडा कुणी बघायला जात नाही," नकाशेवाला म्हणाला. "आणि बघेपर्यंत तुम्ही घरी बसलेल्या असाल."

"मी बघितलं ना."

"मग तुमच्या नावावर उरलं काय?"

"चाळीस आहेत की."

"चाळीस साध्या. साधीला कोण विचारतं, ताई?"

दुपारी तिनं भावाला फोन लावला.

"दादा, माझं एक मोजमाप चुकलं."

"बरं. जेवलीस का?"

"जेवले."

"मग झालं तर. चुकलं तर परत मोज. ठेवू? दुकानात गिऱ्हाईक उभं आहे."

ताईनं मासिकाला चार ओळी लिहिल्या. ती धूळ आपलीच आहे, माझा आकडा रद्द समजावा. दोनदा वाचल्या, पाठवून दिल्या. मग तक्त्यात एक्केचाळीसच्या रकान्यातला आकडा खोडून लिहिलं, धूळ आढळली नाही.

"चहाला येताय ना?" नकाशेवाल्यानं दारातून विचारलं.

"तुम्ही व्हा पुढं," ती म्हणाली, आणि बेचाळिसावी उघडली.