जागा नाही

मनोहर गेल्याची बातमी मला कुवेतच्या विमानतळावर, काउंटरवरच कळली. मुंबईहून आलेल्या विमानातला एक ओळखीचा स्टुअर्ड टोपी काढून समोर उभा राहिला आणि हळूच म्हणाला, "दाऊदभाई, आपले मनोहरभाऊ गेले. बुधवारी, गिरगावात." मी तेव्हा बैरूतच्या विमानाची यादी करत होतो. ती शेवटच्या नावापर्यंत पुरी केली, कार्बन काढले, प्रती वेगळ्या केल्या आणि मग आत जाऊन पाणी प्यायलो. रडू आलं नाही. पहिला विचार आला तो असा, की चला... आता ती गोष्ट सांगणारा मी एकटा उरलो.

त्यानंतर या पुरवणीत मनोहरवर तीन लेख आले. दिलदार माणूस, हजरजबाबी, परमुलखात मराठी माणसाचा आधार. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच. खोटं त्यात फारसं नाही. पण तिन्ही लेखांत त्याच्या एका दिवाळीतल्या लेखाची तोंड भरून स्तुती आहे. इटलीतल्या समुद्रकाठच्या लहानशा हॉटेलावरचा तो लेख पुष्कळांनी वाचला असेल. तो लेख त्याचा नाही. त्या हॉटेलात मनोहर कधी राहिलाच नव्हता. मी राहिलो होतो, आणि माझ्याबरोबर माझी बायको जुबेदा. त्या लेखात ती औषधालाही नाही, म्हणून मी दोन वर्षं मनोहरवर डूख धरला आणि संधी मिळताच उट्टं काढलं. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, हे मलाही शिकवलेलं आहे. मी बोलणार आहे.

मनोहर कुवेतला आला तो छपन्न-सत्तावन्नच्या सुमारास. मी श्रीवर्धनचा, तो गिरगावचा, आणि दोघांची नेमणूक एकाच विमान कंपनीच्या एकाच काउंटरवर. त्याचं इंग्रजी फर्डं होतं, माझं अरबी कामापुरतं. रागावलेला अरब आला की तो मला पुढे करायचा, रागावलेला साहेब आला की मी त्याला. कुवेतच्या दस्मान वस्तीत एका मातीच्या घरात आम्ही खोली घेतली होती. खिडकी समुद्राकडे होती, पण तोज, म्हणजे धुळीचं वादळ, उठली की समुद्र दिसायचा नाही, खाण्यात फक्त वाळू यायची. तिथे बसून मनोहर या पुरवणीसाठी कुवेतच्या गमतीजमती लिहायचा. त्याची बायको सुमती गिरगावात सासू-सासऱ्यांपाशी होती. साठ साली जुबेदा आली तेव्हा मनोहर दुसऱ्या खोलीत गेला, पण दर शुक्रवारी सुट्टीचा आमच्याकडे जेवायला ठरलेला. जुबेदाला तो वहिनी म्हणायचा आणि तिच्या हातची माशाची तळलेली तुकडी खाताना डोळे मिटायचा. हे सगळं मी नाकारत नाही.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट वाचकांना सांगायला हवी. कंपनीच्या माणसाला फुकट तिकीट मिळतं, पण जागा मिळेलच असं नाही. पैसे देणारे सगळे बसले आणि नंतर खुर्ची उरली, तर ती त्याची. नाही तर बॅग उचलायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायचं. बासष्टच्या उन्हाळ्यात मी अशी दोन तिकिटं रोमची काढली. चार दिवसांत परत यायचं होतं. हॉटेलात राहायचंय म्हटल्यावर जुबेदा हसत सुटली. "हाटेलात कोन ऱ्हाता? हाटेलात चाय पितात." श्रीवर्धनच्या मुलीला हॉटेल म्हणजे चहा आणि भजी.

रोम शहर आमच्या आवाक्यातलं नव्हतं. स्टेशनवरच्या एका भल्या माणसाने समुद्राकडे जाणाऱ्या गाडीत बसवून दिलं. नऊ खोल्यांचं हॉटेल, खाली स्वयंपाकघर, समोर वाळू, आणि मालकीण काळ्या कपड्यांतली एक लठ्ठ विधवा. जुबेदा तिच्याशी श्रीवर्धनच्या बोलीत बोलायची, ती हिच्याशी इटालियनमध्ये, आणि दोघींचं अडायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकीणबाई मासे साफ करत होत्या. जुबेदाने टोपलीत डोकावून पाहिलं आणि हरखून म्हणाली, "ओ, ही तर आपली तारली." मग बाईंच्या हातातून सुरी काढून घेतली. "बाय, मासा असा नाय कापत." त्या दिवशी त्या हॉटेलात बरोबर नेलेल्या तिखटात घोळलेली तारली झाली. जर्मन पाहुण्यांनी डोळे पुशीत खाल्ली.

चौथ्या दिवशी आम्ही विमानतळावर गेलो. जागा नाही. परत आलो तर मालकीणबाई दारात उभ्या राहून हसल्या आणि किल्ली पुढे केली. पाचव्या दिवशी जागा नाही. सहाव्या दिवशीही नाही. त्यानंतर बाईंनी आमचा निरोप घेणंच सोडलं, आमच्या खोलीची चादर बदलेनात आणि दुपारच्या जेवणाला आमची पानं आधीच मांडून ठेवू लागल्या. मला नोकरीची धास्ती वाटत होती. जुबेदा मात्र विमानतळाच्या बाकावर डोळे मिटून पुटपुटत बसायची. मी विचारलं, काय मागतेस? म्हणाली, "आजपन जागा नको." अकरा दिवस तिची दुआ कबूल झाली. संध्याकाळी साडीचा काष्टा मारून ती गुडघाभर पाण्यात उभी राहायची आणि मला हाका मारायची. मी काठावर चपला सांभाळत बसायचो. आमच्या संसारात तेवढे अकरा दिवस असे आहेत, की ज्यांत मी तिला एकदाही घाई केली नाही.

त्याच वर्षीच्या थंडीत न्यूमोनियाने ती गेली. हेही लिहायला हवं, की त्या आठवड्यात मनोहर नसता तर माझ्याने काही झालं नसतं. डॉक्टर त्याने आणला, कफनाचं कापड त्याने आणलं, मय्यतीला खांदा दिला, आणि कबरस्तानात काय करायचं ते ठाऊक नसल्याने माझ्या मागे माझ्यासारखेच हात धरून उभा राहिला. पुढचे कित्येक दिवस दुपारी काउंटर रिकामा असला की मी त्याला त्या हॉटेलाबद्दल सांगत असे. त्याच्याखेरीज कुणापाशीही मी तिचं नाव काढलं नाही. पुढे पुढे त्याच्यापाशीही काढेनासा झालो.

मराठी भाषेत चोराची एक सोय आहे. शुक्रवारी आम्हा मराठी मंडळींचं कुणा ना कुणाकडे जमायचं, आणि गोष्टी सांगायला मनोहर. पहिल्या वर्षी तो सांगायचा, "आपला दाऊद गेला होता ना तिथे..." मग त्याचं झालं, "आपण गेलो तिथे, तर काय..." आपण म्हणजे कोण कोण, हे कुणी विचारत नाही, त्यात ऐकणाराही मावतो. मग एका शुक्रवारी "आम्ही" झालं. मला वाटलं, बोलण्याच्या ओघात झालं असेल. आणि चौसष्टच्या दिवाळीत छापून आलं तेव्हा "मी". मालकीणबाईंच्या हातातून सुरी त्याने घेतली होती. तारली त्याने ओळखली होती. "आज जागा नको" हे बाकावर बसून त्याने मागितलं होतं. हॉटेलात तो एकटाच होता.

मी अंक घेऊन ऑफिसच्या मागे त्याला गाठलं. तो जरासुद्धा वरमला नाही. म्हणाला, "अरे, तू तर तिचं नावच घेत नाहीस. मग ते सगळं जायचं कुठे?"

"म्हणून तिलाच काढलीस?"

"तुझ्या घरची बाई मी चारचौघांत छापून कशी आणू? पाण्यात उभी राहिलेली? मला वाटलं, तुला खपायचं नाही."

त्याला खरंच तसं वाटलं होतं, हे मला त्याच क्षणी कळलं, आणि त्याने माझा राग दुप्पट झाला. मला न विचारता माझी अब्रू राखणारा हा कोण? जुबेदाला मी एकदा मातीत ठेवून आलो होतो. याने तिला त्या समुद्रातूनही काढलं, आणि वर माझ्यावरच उपकार केल्यासारखा उभा. मी त्याच्याशी भांडलो नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर चहासुद्धा प्यायलो. डूख धरणाऱ्याला घाई नसते.

सहासष्टच्या उन्हाळ्यात सुमतीवहिनी पहिल्यांदा कुवेतला आल्या. त्यांनी तो लेख वाचला होता. मनोहरने तो खरा मानू दिला होता की नाही, मला ठाऊक नव्हतं. वहिनींना ते हॉटेल पाहायचं होतं. मनोहरने रोमची दोन फुकट तिकिटं काढली. एव्हाना काउंटरची यादी माझ्या हातात आली होती. उरलेल्या खुर्च्या कुणाला द्यायच्या, ते मी ठरवायचो.

पहिल्या दिवशी विमान खरंच भरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी दोन खुर्च्या उरल्या. त्या मी दुसऱ्या कंपनीच्या दोघा माणसांना दिल्या. नियमात बसवायचंच तर बसत होतं. वहिनींनी स्वेटर विणून आणला होता आणि तो त्या भर उन्हाळ्यात हातावर घेऊन उभ्या होत्या. तिसऱ्या दिवशीही जागा निघाली नाही. "जागा नाही," मी यादीवरची नजर न काढता म्हणालो. मनोहरच्या रजेत त्यानंतर जाऊन येण्याइतके दिवस उरत नव्हते. तो म्हणाला, "पुढच्या वर्षी रे," आणि माझ्या खांद्यावर थाप मारून बॅगा उचलल्या. मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण दोन दिवस मला अन्न गोड लागलं. पुढच्या वर्षी त्याची छाती दुखू लागली, त्याच्या पुढच्या वर्षी तो कायमचा मुंबईला गेला, आणि आता बुधवारी, गिरगावात...

रजेवर मुंबईला आलो तेव्हा भेटायला गेलो. न जाऊन कसं चालेल? सुमतीवहिनींनी चहा दिला. म्हणाल्या, "पुरवणीचे लोक येऊन गेले. मी तुमचं नाव सांगितलंय. ह्यांच्यावर तुम्ही लिहा."

मी म्हणालो, माझ्याने व्हायचं नाही.

"होईल. इटलीचं लिहा. ते तुमचं नि जुबेदावहिनींचं होतं, हे ह्यांनी मला कधीच सांगितलं होतं. छापलं ते चुकलं, म्हणायचे. तिथे जाऊन वहिनींच्या नावाने पुन्हा लिहायचं होतं त्यांना. म्हणून तिकिटं काढली होती." मग त्या म्हणाल्या, "भावजी, माझ्या वडिलांचा छापखाना होता. लहानपणी मी खिळे जुळवायची. मला उलटं वाचता येतं. तुमची यादी काउंटरवर माझ्या समोर होती."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"ह्यांना मी बोलले नाही. शेवटपर्यंत म्हणत होते, दाऊद आहे तिथे, तो करील जागा."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला. "माफी मला नको. छापा. आणि मजकूर आधी मला दाखवा."

मी लिहून नेलं. त्यांनी तांबडी पेन्सिल घेऊन, एकेका शब्दावर टोक टेकवत, सावकाश वाचलं. जुबेदाचं नाव आलं तिथे थांबून मान हलवली. मनोहरला चोर म्हटलं आहे तिथून पेन्सिल तशीच पुढे सरकली. तिसऱ्या दिवसापाशी आल्यावर त्यांनी "जागा निघाली नाही" या शब्दांखाली रेघ ओढली. मी ते खोडू लागलो, तर म्हणाल्या, राहू दे, लोकांना तेही वाचू दे. खरं काय ते शेवटी लिहा, तुमच्या हाताने, माझ्यासमोर.

तिसऱ्या दिवशी तीन जागा होत्या. मी दिल्या नाहीत.